वादळ गेल्यावर कोण चरतं?

एप्रिल 2024 मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे जगभरातले प्रवाळ, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारे समुद्री जीव, पुन्हा पांढरे पडत असल्याची घोषणा झाली. पाठोपाठ तपकिरी शेवाळाने झाकलेल्या खडकांचे फोटो फिरू लागले. ‘शेवाळाने प्रवाळ गिळले’ असं वाचलं की मला राहवत नाही. प्रवाळ आधी मरतो, त्याच्या सांगाड्यावर शेवाळ नंतर येतं, आणि कोणतं शेवाळ येणार हे तिथे कोण चरतंय त्यावर ठरतं.

शेवाळ म्हणजे एकच वस्तू नाही. एक प्रकार गुलाबी चुन्याच्या पापुद्र्यासारखा खडकाला चिकटून पसरतो. दुसरा काही मिलिमीटर उंचीची मखमल. तिसरा वाढला की झुडूपच होतो. प्रवाळाची पोहणारी अळी बूड टेकायला जागा शोधते तेव्हा पुष्कळ जातींना त्या गुलाबी शेवाळाच्याच रासायनिक खुणा ओढून घेतात. झुडपी शेवाळात मात्र तिला प्रकाश मिळत नाही, वर गाळही साचतो.

कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटाचा उत्तर किनारा हे याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण. ऑगस्ट 1980 मध्ये ॲलन चक्रीवादळाने तिथल्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळांचा चुरा केला. उघड्या पडलेल्या खडकांवर शेवाळ फोफावलं, पण थोड्याच काळात ओसरलं आणि तिथे प्रवाळाची नवी पिल्लं धरू लागली. हे घडलं लांब काळ्या काट्यांच्या सी अर्चिनमुळे. डायाडेमा नावाचा हा जीव रात्रभर खडक खरवडून शेवाळ खातो. पोपटमाशांसारखे शेवाळ खाणारे मासे तिथे बेसुमार मासेमारीने आधीच विरळ झाले होते, त्यामुळे सगळा भार याच्यावर होता.

आता माझ्या आवडीच्या गणिताकडे येतो. समजा, प्रवाळांच्या सांगाड्यांची बनलेली एक भिंत आहे (इंग्रजीत रीफ) आणि तिचा अर्धा भाग जिवंत प्रवाळाने व्यापलाय. म्हणजे चरायचं रान उरलेलं 50 टक्के. तेवढ्या रानातल्या प्रत्येक तुकड्यावर दर 5 दिवसांनी एकदा तोंड पडतं. वादळाने प्रवाळ 10 टक्क्यांवर आणले, की रान 90 टक्के होतं. तोंडं तितकीच, म्हणून त्याच तुकड्याची पाळी आता 9 दिवसांनी येणार. वरच्या 4 दिवसांत कोवळं शेवाळ जून होतं, काही जातींत कडू रसायनं साठतात, आणि मग खाणारेही त्याला टाळतात. आपल्याकडे पडीक रानात गवत माजतं तसंच. एकदा ते कमरेएवढं वाढून जून झालं की नंतर गुरं सोडली तरी ती त्याला फारसं तोंड लावत नाहीत. म्हणून पूर्वीइतके चरणारे परत आणले तरी भिंत पूर्वीसारखी होत नाही. झुडपी शेवाळ मागे हटवायला त्याहून जास्त तोंडं लागतात. तेवढ्याच चराईत भिंतीच्या दोन वेगळ्या अवस्था टिकू शकतात, आणि ती कोणत्या अवस्थेत राहील हे ती आधी कोणत्या अवस्थेत होती यावर अवलंबून असतं.

जमैकात झालं ते याच्याही पलीकडचं. जानेवारी 1983 मध्ये पनामाजवळ डायाडेमा मरू लागले. प्रवाहांबरोबर साथ पसरली आणि वर्षभरात कॅरिबियनमधले 90 टक्क्यांहून अधिक डायाडेमा गेले. प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज यांनी 1994 मध्ये जमैकाचे आकडे मांडले: 1970 च्या दशकाच्या अखेरीस 52 टक्के असलेलं प्रवाळांचं आच्छादन 3 वर आलं होतं, आणि झुडपी शेवाळ 4 टक्क्यांवरून 92 वर गेलं होतं. 1988 मध्ये गिल्बर्ट वादळही आलं, पण या वेळी मोकळा खडक चरून साफ ठेवणारं कोणी नव्हतं.

आणि खडक साफ राहायला हवा तो वर्षानुवर्षं, कारण गोलसर, दगडी प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. मंगळासाठी बोटात घालतात ते पोवळं तर बऱ्याचदा भूमध्य समुद्रातल्या तांबड्या प्रवाळाचं. ते जाडीत वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाही. ग्रहाचा आणि या जिवाचा काडीचाही संबंध नाही. त्याला समुद्रातून खरवडून काढणं थांबावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या जवळचं उदाहरण लक्षद्वीपचं. 1998 च्या उष्ण पाण्याने तिथे प्रचंड प्रवाळ मेले, तरी झुडपी शेवाळाने भिंती काबीज केल्या नाहीत. तिथले मच्छीमार मुख्यतः गळाने ट्यूना धरत, त्यामुळे भिंतीवरचे पोपटमासे आणि सर्जन मासे भरपूर उरले होते. पश्चिमेकडच्या काही भिंतींवर प्रवाळ बऱ्यापैकी लवकर भरून आले. त्यानंतर 2010 आणि 2016 मध्ये पाणी पुन्हा तापलं, आणि सावरायला मिळणारा वेळ कमी होत गेला.

जमैकाच्या डिस्कव्हरी बे भागात 2000 च्या सुमारास डायाडेमा उथळ पाण्यात परतू लागले. त्यांनी खाऊन मोकळ्या केलेल्या पट्ट्यांत शेवाळ विरळ झालं होतं आणि प्रवाळाची पिल्लं शेजारच्या शेवाळी पट्ट्यांपेक्षा किती तरी जास्त सापडली. 2022 मध्ये कॅरिबियनमध्ये डायाडेमांवर पुन्हा साथ आली. या वेळी कारण सापडलंय: केसाळ अंगाचा एक एकपेशीय परजीवी.