ताणाने बदलणारे चुंबकत्व: पोलादी पत्र्यापासून अणूंच्या थरापर्यंत

ट्रान्सफॉर्मरच्या कोअरसाठी लागणारा सिलिकॉन पोलादाचा पत्रा वाकवला किंवा ठोकला, तर त्याचे चुंबकीय गुण उतरतात आणि विजेचा अपव्यय वाढतो. नाशिकच्या सातपूर-अंबड परिसरात विद्युत सामग्रीच्या कामात असलेल्यांना हे पथ्य नवे नाही. कापलेला पत्रा भट्टीत तापवून त्यातला ताण घालवण्याची रीत त्यातूनच आली. चुंबकित होताना लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवले, तर ताणामुळे चुंबकत्व बदलते, ही उलट बाजू एमिलिओ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये नोंदवली. गल्लीतल्या डीपीची घरघर हा प्रामुख्याने जूल यांच्याच परिणामाचा आवाज आहे.

पोलादात ताणाचा चुंबकत्वावरचा हा परिणाम मर्यादित राहतो, कारण ते टक्क्याच्या अंशाइतके ताणले गेले की कायमचे वाकते. याउलट ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर, वीस टक्क्यांहून अधिक ताण सोसू शकते. मात्र ग्राफीन स्वतः चुंबकीय नाही, आणि इतक्या पातळ थरात चुंबकीय शिस्त, म्हणजे अणूंच्या इवल्या चुंबकांची ठरावीक मांडणी, टिकेल का, याविषयी मर्मिन व वॅग्नर या भौतिकशास्त्रज्ञांच्या १९६६ च्या प्रमेयामुळे शंका होती. या इवल्या चुंबकांना (चुंबकीय आघूर्णांना) सर्व दिशा सारख्याच असतील, तर द्विमितीत उष्णता ती शिस्त मोडते, असे ते प्रमेय सांगते. एखादी दिशा पसंतीची असेल, तर मात्र वाट मोकळी राहते.

ही वाट २०१७ मध्ये क्रोमियम ट्रायआयोडाइड या थरांच्या स्फटिकाच्या एकाच थरात प्रत्यक्ष सापडली, जो सुमारे ४५ केल्विनखाली (उणे २२८ अंश सेल्सिअस) लोहचुंबकी राहतो, म्हणजे त्याचे इवले चुंबक एकाच दिशेला असतात. त्याचे दोन थर एकत्र असताना मात्र त्यांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध असतात. २०१९ मध्ये सुमारे २ गिगापास्कल (हवेच्या दाबाच्या सुमारे वीस हजार पट) दाबाखाली हे थर एकमेकांवर सरकले, त्यांची चुंबकत्वे एका दिशेची झाली आणि दाब काढल्यावरही तशीच राहिली. माझ्या मते या इतिहासातला हाच सर्वांत बोलका प्रयोग आहे, कारण थरांमधले अंतर आणि त्यांची रचना यांवरच चुंबकत्वाची जात ठरते, हे त्याने दाखवले. थरांना बांधणारे व्हॅन डर वाल्स बल दुबळे असल्यामुळेच असे सरकणे शक्य होते.

दाब काढल्यावर मूळ स्थिती परत न येणे ही उपयोगाच्या दृष्टीने अडचणच होती. २०२२ मध्ये क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड या अशाच थरांच्या पदार्थाच्या पातळ स्फटिकांना अतिशीत तापमानात एका दिशेने ताणले असता, बाहेरचे चुंबकीय क्षेत्र नसतानाही ते प्रतिलोहचुंबकी स्थितीतून (शेजारच्या थरांची चुंबकत्वे परस्परविरुद्ध) लोहचुंबकी स्थितीत गेले, आणि ताण सोडताच पूर्ववत झाले.