आऊट काढणे

आऊट काढणे म्हणजे डगमगत फिरणारे सायकलचे चाक तारांचा (स्पोकचा) ताण कमी-जास्त करून सरळ करणे. रिम डावी-उजवीकडे झुकत असेल तर तो बाजूचा आऊट, वर-खाली उडत असेल तर उभा आऊट.

चाकावरचे वजन तारा पेलतात, पण खांबासारखे नाही. जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची तार दाबाने वाकूनच जाईल, म्हणून ती आधीच ताणून बसवलेली असते. माणूस बसला की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, एवढेच. ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केलीने १८०८ मध्ये मांडली. तारा हबला (चाकाच्या मधल्या, आसावर फिरणाऱ्या भागाला) तिरप्या जोडण्याची पद्धत जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये आणली. दांड्यांचे ब्रेक असलेल्या आपल्याकडच्या काळ्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० तारा असतात, कारण ओझे बहुतेक मागेच येते.

घरी हे काम करायला सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करतात आणि चिमट्याला (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कला) खडू टेकवून चाक फिरवतात. त्याआधी हबचा कोन (बेअरिंगचे छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) सैल नाही ना, ते पाहावे, नाहीतर नसलेला आऊट काढण्यात दुपार जाते. रिम डावीकडे येत असेल तिथल्या उजव्या बाजूच्या तारा आवळायच्या, डाव्या तेवढ्याच सैल करायच्या, तेही पाव-पाव फेऱ्याने. पूर्ण फेऱ्याला निपल (रिममध्ये बसणारे, तार आवळायचे छोटे आटेदार नट) तारेवर सुमारे ०.४५ मिलिमीटर सरकते. उभ्या आऊटात रिम जिथे हबपासून दूर गेलेली असते तिथे दोन्ही बाजूंच्या तारा आवळतात. रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकला बाजूचा आऊट जाचतो. दांड्यांचा ब्रेक मात्र रिमच्या आतल्या अंगाला खालून दाबतो, त्याला उभा आऊट जास्त जाणवतो.

निपल टायरच्या बाजूने पाहिले तर घड्याळाच्या दिशेने आवळते, हबच्या बाजूने पाहिले तर उलट. नवशिक्यांचे आऊट इथेच वाढतात. दुसरी खोड फक्त आवळत राहण्याची. मग निपलचे कोपरे झिजून गोल होतात आणि पाना नुसता फिरतो. खड्ड्यात आपटून रिमच वाकली असेल तर तारांशी कितीही झटापट केली तरी ती पुरती सरळ होत नाही.

तार तुटते ती बहुधा हबजवळच्या बाकात, आणि बऱ्याचदा मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या (साखळी बसते त्या दातेरी चक्राच्या) बाजूला. ती बदलायला फ्रीव्हील खोलावे लागते, त्याचे हत्यार घरी क्वचितच असते. नवी तार लांब पडली तर तिचे टोक निपलबाहेर येऊन ट्यूब भोसकते. ते कानशीने घासून वरून रिमपट्टी चढवावी.