अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीत उतरलेली माणसं

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून जवळजवळ 40 लाख नवी घरं उभी राहिली. त्यातली बरीचशी शहरांच्या कडेला होती. लंडनच्या दक्षिणेचं क्रॉयडन हे त्यातलंच एक वाढतं उपनगर. 1937 मध्ये इथेच नळाच्या पाण्यातून टायफॉइडची साथ पसरली, तिचीच ही गोष्ट. विजेवर धावणाऱ्या लोकल गाड्या तिथवर पोचल्या होत्या, आणि 1920 पासून लंडनचा मुख्य विमानतळही तिथेच होता. 1921 साली क्रॉयडनची वस्ती सुमारे 1 लाख 90 हजार होती, ती 1931 पर्यंत 2 लाख 33 हजारांवर गेली. बँकेतले कारकून, शिक्षक, दुकानदार कर्ज काढून इथे जोडघर घ्यायचे. पुढे-मागे बाग, घरातच न्हाणीघर, साखळी ओढली की पाणी येणारा संडास. लंडनच्या जुन्या चाळवजा वस्त्यांमधून बाहेर पडणाऱ्याला आणखी काय हवं?

या सुखाची नोंद ठेवणारा एक सरकारी माणूस प्रत्येक भागात असे. त्याचं पद मेडिकल ऑफिसर ऑफ हेल्थ, आपल्या भाषेत आरोग्य अधिकारी. तो दरवर्षी नगरपालिकेला अहवाल द्यायचा. किती जन्म, किती मृत्यू, घटसर्पाचे किती रुग्ण, दुधाचे किती नमुने नापास, किती घरांत ओल, किती गटारं तुंबलेली, उंदीर कुठे झाले. असे अहवाल वाचायला कंटाळवाणे वाटतात, पण मला ते त्या काळातल्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त खरे वाटतात. संसर्गजन्य रोगाचा रुग्ण सापडला की डॉक्टरने या अधिकाऱ्याला लगेच कळवायचं, असा कायदाच होता. खाजगी रुग्णाच्या प्रत्येक चिठ्ठीमागे डॉक्टरला अडीच शिलिंग मिळत. आणि आकडे सुधारत होते. इंग्लंड-वेल्समध्ये 1920 च्या आसपास जन्मलेल्या हजार मुलांपैकी ऐंशीच्या आसपास वर्षाच्या आत दगावत. 1939 पर्यंत हा आकडा पन्नासवर आला.

या सुधारणेचा मोठा वाटा जमिनीखाली होता. घराघरांत फ्लश आले म्हणजे सांडपाणीही कित्येक पटींनी वाढलं, आणि गावोगावची छोटी मलशुद्धीकरण केंद्रं त्याला पुरी पडेनात. लंडनच्या पश्चिमेला मिडलसेक्समध्ये अशी 28 केंद्रं बंद करून 1936 साली मॉग्डेनला एकच प्रचंड केंद्र सुरू झालं. तिथे वापरलेली पद्धत मँचेस्टरच्या अर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी 1914 मध्ये जाहीर केली होती. मैलापाण्यात सतत हवा सोडायची. तिच्यावर जगणारे जिवाणू घाण खातात, वाढतात आणि त्यांचा गाळ तळाशी बसतो. हा गाळ सगळा फेकायचा नाही, थोडा पुढच्या पाण्यात मिसळायचा, आदल्या दिवशीच्या दह्याचं विरजण लावतात तसा. पूर्वी ज्या कामाला आठवडे लागत, ते मग काही तासांत उरकतं. भारतातल्या मोठ्या शहरांतही आज ही पद्धत चालते.

पण माणसं आजारी पाडते ती बहुतेकदा आत येणारी नळी. क्रॉयडनला ही नळी खडूच्या खडकातून भरायची.

लंडनच्या दक्षिणेच्या टेकड्या पांढऱ्या, मऊ, सच्छिद्र चुनखडीच्या आहेत, शाळेतल्या खडूच्या जातीच्या. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खाली जातं आणि वाटेत गाळलं जातं. अशा खडकात खोल विहीर खणली की काचेसारखं पाणी मिळतं. या पाण्यावर लोकांचा विश्वास होता आणि त्यात क्लोरीन घालायला अनेकांचा विरोध. चव बिघडते, म्हणायचे. विश्वास अगदीच चुकीचा नव्हता, पण खडूच्या खडकाला भेगा असतात. भेगेतून वाहणारं पाणी गाळलं जात नाही, ते नुसतं वाहून येतं. शिवाय विहिरीचं तोंड उघडं असेल आणि आत माणसं उतरत असतील, तर खडकाच्या गाळणीचा काय उपयोग?

क्रॉयडनच्या दक्षिण भागाला अ‍ॅडिंग्टनच्या विहिरीचं पाणी जायचं. 1937 च्या सप्टेंबरअखेरीस तिथे दुरुस्तीचं काम निघालं. मजूर विहिरीत उतरून काम करू लागले. विहिरीवर गाळण आणि क्लोरीनची यंत्रणा होती, पण कामाच्या त्या दिवसांत ती बंद होती, आणि तरीही विहिरीचं पाणी अधूनमधून पुरवठ्यात सोडलं जात होतं. उतरणाऱ्या मजुरांपैकी एकजण विषमज्वराचा वाहक होता. त्याला स्वतःला याची कल्पनाही नव्हती.

विषमज्वर म्हणजे टायफॉइड. त्याचा जिवाणू फक्त माणसात राहतो. गुरं, कुत्री, उंदीर यांच्यात तो सापडत नाही. म्हणजे टायफॉइडच्या प्रत्येक रुग्णामागे कुठेतरी दुसऱ्या एखाद्या माणसाची विष्ठा किंवा लघवी असतेच, मग ती दुधातून आलेली असो, पाण्यातून, की कोणाच्या न धुतलेल्या हातांवरून. तोंडातून गेलेला जिवाणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो आणि यकृतातून पित्ताशयात पोचतो. बरा झालेल्या बहुतेकांच्या शरीरातून तो निघून जातो. पण शंभरातल्या दोन ते पाच जणांच्या पित्ताशयात तो कायमचा मुक्काम ठोकतो, विशेषतः तिथे खडे असतील तर. खड्यांच्या पृष्ठभागावर त्याचा एक चिकट थर जमतो, त्याला ना शरीराचा प्रतिकार नीट गाठतो ना औषध. असा माणूस धडधाकट दिसतो, कामाला जातो, आणि वर्षानुवर्षं जिवाणू बाहेर टाकत राहतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. तिचा माग 1907 मध्ये लागला, म्हणजे क्रॉयडनच्या तीस वर्षं आधी.

या रोगाची दुसरी खोड म्हणजे त्याचा उशीर. जिवाणू पोटात गेल्यापासून ताप चढेपर्यंत साधारण दहा-पंधरा दिवस जातात, कधी तीन आठवडेही. ताप पायरीपायरीने वाढतो. पहिल्या आठवड्यात तो फ्लूसारखाच दिसतो. आणि 1937 पर्यंत इंग्लंडच्या उपनगरांत टायफॉइड इतका दुर्मीळ झाला होता की बऱ्याच तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिला असावा. त्यामुळे पहिला रुग्ण ओळखला जाईपर्यंत दूषित पाणी कधीच नळातून येऊन, पिऊन संपलेलं असतं.

क्रॉयडनला हेच झालं. ऑक्टोबरच्या शेवटी रुग्ण कळवले जाऊ लागले, नोव्हेंबर उजाडताच त्यांची संख्या झपाट्याने वाढली. आरोग्य अधिकारी होते डॉ. ऑस्कर होल्डन. अशा साथीत संशय घ्यायला बरेच जण असतात: दूध, आइस्क्रीम, शिंपले, एखादं हॉटेल. दुधाचा संशय तर फारच रास्त, कारण आदल्याच वर्षी बोर्नमथ आणि पूल या दक्षिण किनाऱ्यावरच्या गावांत न तापवलेल्या दुधातून टायफॉइड पसरून 700 हून अधिक लोक आजारी पडले होते. मग रुग्णांचे पत्ते नकाशावर मांडले गेले. ठिपके गावभर विखुरले नव्हते, दक्षिण क्रॉयडनमध्ये गर्दी करून बसले होते. ही घरं वेगवेगळ्या गवळ्यांकडून दूध घेत असतील, वेगवेगळ्या दुकानांत जात असतील. सगळ्यांत सामाईक होतं ते नळाचं पाणी, आणि ते अ‍ॅडिंग्टनहून येत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच विहीर पुरवठ्यातून काढली गेली. पण उशिराचा हिशोब अजून चुकता व्हायचा होता. विहीर बंद झाल्यावरही आठवडेच्या आठवडे नवे रुग्ण येत राहिले. शेवटी एकूण 341 जणांना टायफॉइड झाला, त्यातले 43 मेले. आठांमागे एक. टायफॉइडवरचं पहिलं खात्रीचं औषध, क्लोरॅम्फेनिकॉल, यायला अजून दहा-अकरा वर्षं होती. तोवर उपचार म्हणजे पातळ अन्न, अंग पुसणं, आणि आतड्याला छिद्र पडू नये म्हणून देवाची प्रार्थना.

पाण्याची तपासणी होत नव्हती का? होत होती, पण पाण्यात टायफॉइडचा जिवाणू थेट शोधणं जवळजवळ व्यर्थ असतं, इतका तो विरळ असतो. म्हणून त्याचा साथीदार शोधतात. माणसाच्या विष्ठेत कोलाय गटातले जिवाणू अब्जांनी असतात. ते पाण्यात सापडले तर विष्ठा पोचली आहे, आणि विष्ठेतून दुसरंही काही पोचू शकतं. ही तपासणी फार देखणी आहे. पित्तक्षार आणि लॅक्टोज घातलेल्या द्रवाच्या नळीत एक इवलीशी नळी उलटी बुडवून ठेवतात. नमुन्याचं पाणी घालून नळ्या शरीराइतक्या उबदार कपाटात ठेवायच्या. जिवाणू असतील तर ते साखर आंबवतात, वायू बनतो, आणि उलट्या नळीच्या माथ्यावर बुडबुडा साठतो. बुडबुडा म्हणजे धोका. पण त्यासाठी एक-दोन दिवस थांबावं लागतं, आणि नमुना घेतलेलं पाणी तोवर लोकांच्या घरी गेलेलं असतं. म्हणूनच नुसत्या तपासणीवर भागत नाही, क्लोरीन सतत चालू ठेवावं लागतं.

आणि क्लोरीन नवं नव्हतं, हे मला इथे मुद्दाम सांगावंसं वाटतं. 1905 मध्ये लिंकन शहरातल्या टायफॉइडच्या साथीत अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाण्यात क्लोरीनचं संयुग सतत सोडून साथ आवरायला मदत केली होती. हेच ह्यूस्टन पुढे लंडनच्या पाण्याचे मुख्य तपासनीस झाले. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई पडली तेव्हा 1916 मध्ये त्यांनी टेम्सचं पाणी पंपाने उंच तलावात चढवून साठवण्याऐवजी ते क्लोरीन टाकून थेट पुढे पाठवलं. साठवणीने जे काम आठवड्यांत व्हायचं ते क्लोरीनने झालं, आणि पंपांचा कोळसा वाचला. आपल्याकडे ग्रामपंचायतीचा पाणीवाला टाकीत टीसीएल पावडर (क्लोरीनची भुकटी) टाकतो आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का हे पाहायला ओटी टेस्ट करून पाण्याचा पिवळेपणा बघतो, तो याच घराण्यातला. लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन आणि अर्ध्या तासाची सवड, एवढ्याने टायफॉइडचा जिवाणू मरतो. क्लोरीन पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरतो आणि आतली विकरं निकामी करतो. अ‍ॅडिंग्टनला हे यंत्र बसवलेलं होतं. ते चालू असतं तर वाहक मजूर विहिरीत उतरूनही बहुधा काही झालं नसतं.

मग ते बंद का, आणि बंद असताना पाणी का सोडलं? दक्षिण क्रॉयडनची मंडळी गप्प बसणारी नव्हती. सुशिक्षित, कर भरणारी, वर्तमानपत्रांशी बोलता येणारी माणसं. त्यांनी स्वतःची समिती काढली, आरडाओरडा केला आणि सरकारला जाहीर चौकशी बसवायला भाग पाडलं. अध्यक्ष मर्फी नावाचे एक ज्येष्ठ वकील, मदतीला एक डॉक्टर आणि एक इंजिनिअर. 1938 च्या सुरुवातीला अहवाल आला. उगम अ‍ॅडिंग्टनची विहीर, असं त्यांनी ठरवलं. आणि दोष कुणाचा, तर नगरपालिकेच्या दोन खात्यांमधल्या न झालेल्या बोलण्याचा. विहिरी, पंप, गाळण हे सगळं बरो इंजिनिअर चार्ल्स बोस्ट यांच्याकडे. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे डॉ. होल्डन यांच्याकडे. विहिरीत माणसं उतरली आहेत आणि क्लोरीन बंद आहे, ही गोष्ट एका कचेरीतून दुसरीत पोचलीच नाही.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे की दोघांपैकी कुणीच अज्ञानी नव्हतं. वाहक म्हणजे काय हे 1937 मध्ये वैद्यकाचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगू शकला असता. विहिरीत काम असेल तर पाणी वाया घालवावं, हे कुठल्याही इंजिनिअरला सुचलं असतं. आणि क्रॉयडन तर या बाबतीत अनुभवी गाव. 1848 च्या पहिल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली आरोग्य मंडळ स्थापन करणाऱ्या पहिल्या गावांत ते होतं. नवी गटारं आणि नळ घातल्यावर लगेचच, 1852-53 मध्ये, तिथे टायफॉइडची साथ आली होती, आणि 1875 मध्ये पुन्हा. तरीही ऐंशी वर्षांनी सगळं ज्ञान असूनही ते एका माणसाच्या डोक्यात आणि यंत्राची किल्ली दुसऱ्याच्या हातात, अशी गत झाली. उपनगर वाढतं तशी खाती वाढतात, खात्यांना स्वतंत्र इमारती मिळतात, आणि मग प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याला माहीत असेलच.

प्रकरण कोर्टातही गेलं. एका बाधित कुटुंबाने नगरपालिकेवर दावा लावला, आणि 1938 मध्ये न्यायालयाने नगरपालिकेला हलगर्जीपणाबद्दल जबाबदार धरलं. पाणी पुरवणाऱ्यावर ते शुद्ध ठेवण्याची जबाबदारी असते, हे कायद्याच्या पुस्तकात होतंच. आता त्यावर एक ठोस निकाल आला.

1939 मध्ये आरोग्य मंत्रालयाने देशभरच्या पाणी खात्यांसाठी एक पत्रक काढलं. विहिरीत किंवा टाकीत काम करणाऱ्याची आधी तपासणी करायची, त्याला पूर्वी टायफॉइड झाला होता का ते विचारायचं, कामाच्या जागी शौचाची वेगळी सोय करायची, आणि कामानंतर विहीर निर्जंतुक करून पाण्याचे नमुने पास झाल्याशिवाय ती पुरवठ्यात घ्यायची नाही. चवीबद्दलची कुरकुरही मागे पडली. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं, बॉम्बने नळ आणि गटारं एकाच खड्ड्यात फुटू लागली, आणि पाण्यात क्लोरीन टाकायचं की नाही यावर वाद घालायला कुणाला सवड उरली नाही. ब्रिटनमध्ये आजही पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेवर काम करायला जाणाऱ्याला स्वच्छतेचं प्रशिक्षण घेऊन एक निळं कार्ड काढावं लागतं, आणि त्या आधीच्या प्रश्नावलीत टायफॉइड कधी झाला होता का हे लिहून द्यावं लागतं.