पत्र्याखालचा धूर

आमच्या जळगावच्या घरी वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली आहे. मे महिन्यात दुपारी दोनला तिथे उदबत्ती लावली की धुराची रेघ सरळ वर चढते आणि पत्र्याच्या दोन हात खाली अडते. तिथेच ती आडवी होते आणि चादर अंथरावी तशी पसरते. वर जागा मोकळी असते, पण धूर पुढे सरकत नाही. तीच उदबत्ती जानेवारीत पहाटे लावली, तर धूर थेट पत्र्याला जाऊन भिडतो.

धूर वर जातो तो गरम हवेच्या खांद्यावर बसून. चढताना आजूबाजूची हवा त्यात मिसळत राहते आणि तो निवत जातो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्याखाली तर ५० अंशांहून गरम हवेचा थर साचतो. निवत आलेल्या धुराचं तापमान आणि त्या थराचं तापमान सारखं झालं, की धुराची चढण तिथेच संपते.

आता खोलीच्या जागी जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचं शेड किंवा रुईचं गोडाऊन डोळ्यांसमोर आणा. गठाणीत शिरलेली ठिणगी भडकत नाही, ती आत धुमसत राहते. उष्णता थोडी आणि धूर पुष्कळ. तो धूर मधेच अडतो आणि धूर ओळखून भोंगा वाजवणारा, छताला लावलेला स्मोक डिटेक्टर वरच्या स्वच्छ, गरम हवेत गप्प बसून राहतो. आग मोठी झाली की धूर तो थर फोडून वर जातो, पण भोंग्याने जी दहा-पंधरा मिनिटं मिळवून द्यायची, ती तोवर हातची गेलेली असतात. म्हणून उंच, तापणाऱ्या शेडमध्ये बीम डिटेक्टर लावतात. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे प्रकाशाची अदृश्य रेघ जाते आणि धूर आडवा आला की ती मंदावते. यातली एक रेघ छताजवळ आणि एक बरीच खाली ठेवणं आपल्या हवेत फार गरजेचं आहे.

आपल्याकडे इमारतींसाठी राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे. ती पहिल्यांदा १९७० साली आली, आणि आताची आवृत्ती २०१६ ची. तिचा चौथा भाग आगीपासूनच्या सुरक्षेला वाहिलेला आहे. घर, शाळा, दवाखाना, बाजार, कारखाना, गोडाऊन असे गट पाडून कोणत्या इमारतीला काय हवं ते त्यात सांगितलं आहे. १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘उंच’ धरली जाते आणि तिथून अटी कडक होतात. डिटेक्टर कुठे, किती अंतरावर लावायचे, ते आयएस २१८९ या भारतीय मानकात आहे. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने ही जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे.

मानकातले आकडे रुक्ष वाटतात, पण त्यांच्यामागे धुराची चाल आहे. सपाट छताखाली कुठल्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर साडेसात मीटरच्या आत हवा. धुराऐवजी उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर असेल तर ५.३ मीटरच्या आत. छताला लागलेला धूर लांबवर पसरतो, पण उष्णता वाटेतच हवेत आणि छतात मुरते. म्हणून उष्णता ओळखणाऱ्याला जवळ बसावं लागतं.

हीट डिटेक्टरचे दोन प्रकार. एक ठरलेल्या तापमानाला वाजतो, बहुधा ५७-५८ अंशांना. पुण्यात हा आकडा निर्धास्त आहे. आपल्या पत्र्याखाली मात्र नुसत्या उन्हाने पारा त्याच्या जवळ पोचतो, तेव्हा तिथे त्याहून वरच्या अंशांचा घ्यावा लागतो. दुसरा प्रकार वाढीचा वेग मोजतो: मिनिटाला सुमारे ८ अंश चढले की वाजतो. ऊन कितीही कडक असलं तरी शेड इतक्या झपाट्याने तापवत नाही, आग तापवते.

स्मोक डिटेक्टर आतून पाहिला तर अगदी साधा असतो. काळ्या डबीत एक दिवा आणि एक प्रकाश टिपणारा डोळा, पण दिव्याचा उजेड थेट डोळ्यावर पडत नाही. दाराच्या फटीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत धुळीचे कण चमकतात ना, तसे धुराचे कण डबीत उजेड विखुरतात. तो डोळ्यात शिरला की भोंगा वाजतो. अडचण अशी की रुईचा फूस, डाळमिलची भुकटी, मिरचीच्या कांडपाची धूळ, सगळ्यांनी उजेड तसाच विखुरतो. खोटा भोंगा दोनदा वाजला की कोणीतरी शिडी लावतं आणि डिटेक्टरला प्लॅस्टिकची पिशवी बांधतं. पिशवी बांधणाऱ्याला दोष देण्याआधी तिथे चुकीचा डिटेक्टर कोणी बसवला ते विचारावं.

आवाजाचंही गणित आहे. भोंगा किमान ६५ डेसिबल, किंवा तिथल्या नेहमीच्या गोंगाटाहून ५ डेसिबल जास्त. माणसं झोपतात तिथे उशाशी ७५. वसतिगृहाच्या जिन्यात भोंगा आहे म्हणून भागत नाही, बंद दारामागे झोपलेल्या पोराला जाग आली पाहिजे. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. स्वतः उठून चालू शकत नाहीत अशा जिवांसाठी तर पहिला इशारा हेच सगळं काही आहे. आणि २४ मे २०१९ ला सुरतच्या सरथाणा भागात शिकवणीच्या वर्गाला आग लागून २२ मुलं दगावली, तेव्हा खानदेशात घरोघरी फोन लागत होते. आपले निम्मे भाऊबंद तिकडे आहेत. तसेच पत्र्याचे, फ्लेक्स-फायबरने झाकलेले वरच्या मजल्यावरचे वर्ग आज आपल्याही गावांत आहेत.

आता सगळे डिटेक्टर ज्याला वायरने जोडलेले असतात त्या पॅनेलकडे या. बहुतेक ठिकाणी तो जिन्याखाली किंवा वॉचमनच्या खुर्चीमागे असतो. साध्या यंत्रणेत प्रत्येक वायरच्या शेवटच्या टोकाला एक छोटा रेझिस्टर असतो आणि त्यातून अखंड थोडासा करंट फिरत राहतो. उंदराने वायर कुरतडली की तो करंट तुटतो, आणि पॅनेलवर पिवळा दिवा लागतो. पिवळा म्हणजे बिघाड, लाल म्हणजे आग. लाइट गेली तरी बॅटरीवर हे सगळं तासन्‌तास जागं राहायला हवं. पिवळा दिवा महिनोन्‌महिने जळत असलेले, बझर बंद करून ठेवलेले पॅनेल मी स्वतः पाहिले आहेत. वायर तुटलेली असेल, तर तुटीच्या पुढचे सगळे डिटेक्टर छताला शोभेसाठी टांगलेले असतात.

कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. दोन्ही महिने आपल्याकडे त्यामानाने थंड. तुमचं शेड, गोडाऊन किंवा वरच्या मजल्यावरचा वर्ग पत्र्याखाली असेल, तर एजन्सीच्या माणसाला मे महिन्यात दुपारी दोनला एकदा जास्तीचं बोलवा. डिटेक्टरच्या तोंडाशी धुराचा डबा फवारून तो वाजवून दाखवेल. ते झालं की धूर जमिनीवरून सोडायला सांगा, आणि घड्याळ लावून बसा.