भिंती नसलेली संस्था: नासाच्या ॲस्ट्रोबायोलॉजी इन्स्टिट्यूटची पार्श्वभूमी

पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असू शकते का, या एका प्रश्नासाठी अमेरिकेने १९९८ मध्ये एक राष्ट्रीय संस्था काढली: नासा ॲस्ट्रोबायोलॉजी इन्स्टिट्यूट. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ती बंद झाली. मधल्या एकवीस वर्षांत तिला परग्रहावरचा एकही जंतू सापडला नाही, पण बंद होण्याचं कारण ते नव्हतं. तिच्या जन्मालाही एखादा मोठा शोध कारणीभूत नव्हता. अंतराळातली चढाओढ, हिरमोड करणारी एक मोहीम, गाशा गुंडाळायची वेळ आलेलं एक संशोधन केंद्र आणि अंटार्क्टिकात सापडलेला एक दगड, या सगळ्यांचा त्यात वाटा होता.

कथेचं एक टोक चक्क कोलकात्यात आहे. नोव्हेंबर १९५७. जिवाणूंच्या आनुवंशिकतेवर काम करणारे तरुण अमेरिकन शास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग तेव्हा ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना भेटायला आले होते. हॉल्डेन त्याच वर्षी इंग्लंड सोडून इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले होते. रशियाचा स्पुतनिक महिन्याभरापूर्वीच आकाशात गेला होता, रशियन क्रांतीला ४० वर्षं पूर्ण होत होती आणि नेमकं त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. हा मुहूर्त साधून सोव्हिएत रशिया चंद्रावर अणुस्फोट घडवून लाल तारा उमटवेल की काय, अशी चर्चा जेवणाच्या टेबलावर रंगली. लेडरबर्ग यांच्या मनात मात्र दुसरीच धास्ती बसली. राजकीय दिखाव्याच्या नादात चंद्र-मंगळावर पृथ्वीचे जंतू पोहोचले, तर तिथे मुळात काही होतं का, हे पुढे कधीच कळणार नाही. अमेरिकेत परतताच त्यांनी पत्रं लिहून वरिष्ठ शास्त्रज्ञांना जागं करायला सुरुवात केली. १९५८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, त्यामुळे शब्दाला वजनही आलं. १९६० मध्ये त्यांनी पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीच्या या नव्या अभ्यासाला ‘एक्सोबायोलॉजी’ असं नाव दिलं.

नासाने हा विषय उचलला आणि कॅलिफोर्नियातलं एम्स संशोधन केंद्र त्याचं घर झालं. तिथल्या रासायनिक उत्क्रांती विभागाचे प्रमुख सिरिल पोन्नंपेरुमा हे श्रीलंकेचे. मद्रास विद्यापीठात ते तत्त्वज्ञान शिकले आणि नंतर रसायनशास्त्राकडे वळले. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसनला पडलेल्या उल्केत अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, आहेत आणि ती पृथ्वीवरची नव्हेत, हे त्यांच्या गटाने पुढच्याच वर्षी दाखवलं. पण खिल्ली उडवणारेही होतेच. जीवाश्मतज्ज्ञ जॉर्ज गेलॉर्ड सिम्पसन यांनी १९६४ मध्ये टोला हाणला की, या शास्त्राने आपला अभ्यासविषय अस्तित्वात आहे हेच अजून सिद्ध केलेलं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असाच त्याचा सूर. टोला खोटा नव्हता, आजही नाही.

१९७६ मध्ये दोन व्हायकिंग यानं मंगळावर उतरली. प्रत्येकावर जिवंतपणा तपासणारे तीन प्रयोग होते. गिल्बर्ट लेव्हिन यांच्या प्रयोगात मातीवर पोषक द्रवाचे थेंब सोडायचे आणि त्यातला किरणोत्सारी कार्बन वायूच्या रूपात बाहेर पडतो का, ते पाहायचं होतं. वायू बाहेर पडला. माती आधी कडक तापवली तर तो पडेना. ठरवलेल्या निकषांनुसार हे उत्तर ‘होय’ होतं. पण शेजारच्याच उपकरणाला मातीत सेंद्रिय पदार्थांचा मागमूस लागला नाही, आणि सेंद्रिय पदार्थच नसतील तर जीव कशाचा? दिसलं ते मातीचं रसायन, असा बहुसंख्यांचा निर्वाळा पडला. लेव्हिन यांना तो २०२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मान्य झाला नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट सापडलं. हे क्षार असताना माती तापवली की सेंद्रिय पदार्थ जळून जातात, आणि व्हायकिंगचं उपकरण मातीला तापवूनच तपासत होतं. म्हणजे तो ‘नाही’सुद्धा निःसंदिग्ध नव्हता.

याच मोहिमेचं आणखी एक नाव सहसा विसरलं जातं. या क्षेत्रातलं नासाचं पहिलं अनुदान १९५९ मध्ये वुल्फ विश्नियाक यांना मिळालं होतं. त्यांचं उपकरण खर्चकपातीत व्हायकिंगवरून वगळलं गेलं. तरी हा माणूस अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांत सूक्ष्मजीव जगतात का हे शोधायला गेला आणि डिसेंबर १९७३ मध्ये तिथेच कड्यावरून पडून मरण पावला.

व्हायकिंगनंतर उत्साह ओसरला. अमेरिकेचं पुढचं यान मंगळावर उतरलं ते थेट १९९७ मध्ये. परग्रहांवरून येणारे रेडिओ संदेश ऐकण्याचा नासाचा कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला आणि वर्षभरातच अमेरिकी संसदेने त्याचे पैसे कापले. कोणा राजकारण्याने ‘हिरव्या बुटक्यां’वरून चेष्टा केली की असे कार्यक्रम टिकत नाहीत, हा धडा नासाच्या अधिकाऱ्यांनी नीट गिरवला.

दरम्यान खरी प्रगती पृथ्वीवरच चालू होती. यलोस्टोनच्या कढत झऱ्यांत जिवाणू सापडले होते. १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ समुद्रतळाशी, सूर्यप्रकाश पोहोचतच नाही अशा ठिकाणी, गरम पाण्याच्या फटींभोवती भरगच्च जीवसृष्टी आढळली. जगायला काय लागतं, याची जुनी यादीच त्यामुळे बदलावी लागली.

मग १९९५ उजाडलं. प्रशासक डॅन गोल्डिन यांच्या काळात नासात काटकसरीची लाट आली होती आणि एम्स केंद्र बंद करण्याचा विचारही पुढे आला. केंद्र वाचवायचं तर त्याला स्वतःचं, दुसऱ्या कोणाकडे नसलेलं काम हवं. विज्ञान विभागाचे प्रमुख वेस्ली हंट्रेस यांनी ‘ॲस्ट्रोबायोलॉजी’ हे नाव पुढे केलं. जीवाचा उगम, उत्क्रांती, परग्रह आणि भविष्य असा सगळा पसारा त्यात मावला, आणि एम्सला काम मिळालं. या संस्थेचं मूळ असं कार्यालयीन आहे, आणि मला ते कमीपणाचं वाटत नाही.

दैवही मदतीला आलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मेयॉर आणि डिडिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह जाहीर केला. गॅलिलिओ यानाच्या छायाचित्रांतून गुरूच्या युरोपा चंद्रावर बर्फाखाली समुद्र असावा असं दिसू लागलं. आणि ७ ऑगस्ट १९९६ रोजी नासाने एएलएच ८४००१ हा दगड जगापुढे ठेवला. १९८४ मध्ये अंटार्क्टिकात सापडलेली, दोन किलोपेक्षा किंचित हलकी ही उल्का मंगळावरची. तिच्यात पुरातन जंतूंच्या खुणा असाव्यात, असा दावा डेव्हिड मॅके आणि सहकाऱ्यांनी केला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन स्वतः व्हाइट हाउसच्या हिरवळीवर येऊन त्यावर बोलले. पुढच्या काही वर्षांत त्यातली एकेक खूण जीवाशिवायही घडू शकते हे दाखवलं गेलं, आणि आज फार थोडे लोक तो दावा मानतात. पण पैशाचा नळ तोवर सुटला होता.

१९९८ मध्ये संस्था उभी राहिली, ती इमारतीविना. एम्समध्ये छोटं कार्यालय, आणि काम हार्वर्ड, पेन स्टेट, कार्नेगी, नासाची जेपीएल प्रयोगशाळा अशा ठिकाणच्या ११ गटांकडे, पाच-पाच वर्षांच्या करारावर. भेटीगाठी व्हिडिओवरून. आज यात काही नवल वाटणार नाही, पण त्या वेळी भूगर्भशास्त्रज्ञाने सूक्ष्मजीवतज्ज्ञाच्या बैठकीत आठवड्यामागून आठवडे बसणं हेच नवल होतं. १९९९ मध्ये संचालक म्हणून आले बारूक ब्लमबर्ग, हेपटायटिस-बीचा विषाणू शोधून नोबेल मिळवलेले. खगोलाशी त्यांचा संबंध नव्हता, पण विषयाला हवी असलेली प्रतिष्ठा त्यांच्यामुळे आली.

अडचणी संपल्या नाहीत. २००७ च्या अर्थसंकल्पात ॲस्ट्रोबायोलॉजीचा निधी जवळपास निम्मा करण्याचं ठरलं. २०१० मध्ये संस्थेच्या मदतीने झालेल्या एका संशोधनात, कॅलिफोर्नियाच्या मोनो सरोवरातला जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा झाला. पत्रकार परिषदेच्या घोषणेतच परग्रहावरील जीवाचा उल्लेख होता, त्यामुळे नुसता धुमाकूळ. २०१२ पर्यंत दावा खोडला गेला. ‘सायन्स’ने तो लेख मागे घेतला २०२५ मध्ये, लेखकांच्या विरोधाला न जुमानता.

आपल्याकडे अशी संस्था झाली नाही, पण एक प्रयत्न इथे सांगायलाच हवा. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने हैदराबादहून फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा झाले. २००५ च्या उड्डाणातल्या नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थांत झाली. तीन नव्या जिवाणू प्रजाती मिळाल्या, त्यांतल्या एकीला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं गेलं. २००९ मध्ये हे जाहीर करताना इस्रोने, जिवाणू पृथ्वीबाहेरून आले हे यातून सिद्ध होत नाही, असंही सांगून टाकलं. असा संयम १९९६ मध्ये वॉशिंग्टनला दाखवता आला असता, पण मग कदाचित संस्थाच निघाली नसती.

२०१९ अखेर नासाने संस्थेच्या जागी संशोधकांची वेगवेगळी जाळी उभी केली. त्यांतलं ग्रहांच्या वास्तव्ययोग्यतेवरचं जाळं २०१५ पासूनच चालू होतं. विषय इतका रुळला होता की त्याला वेगळ्या छत्राची गरज उरली नव्हती, असं अधिकारी म्हणत. जुन्या मंडळींना ते पटलं नाही. २०२१ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी जीवाच्या पुराव्यावर किती विश्वास ठेवायचा यासाठी सात पायऱ्यांचं मोजमाप सुचवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या पर्सिव्हरन्स गाडीने चेयावा फॉल्स नावाच्या खडकातून घेतलेल्या नमुन्यात ‘संभाव्य जैवखूण’ असल्याचं जाहीर झालं, तेव्हा त्या मोजमापाचा उल्लेख आवर्जून केला गेला. तो नमुना अजून मंगळावरच आहे. असे नमुने आणण्याचा अंदाजित खर्च २०२४ मध्ये ११ अब्ज डॉलरपर्यंत गेला, आणि तो परवडणारा नाही असं खुद्द नासाच्या प्रमुखांनीच सांगितलं.