क्रॉसमग्लेन रेंजर्स

क्रॉसमग्लेन रेंजर्स हा उत्तर आयर्लंडमधील आर्मा काउंटीच्या दक्षिण टोकाला, आयर्लंड प्रजासत्ताकाच्या सीमेलगत वसलेल्या क्रॉसमग्लेन गावाचा गेलिक फुटबॉल क्लब आहे. त्याची स्थापना १८८७ मध्ये झाली. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही आयर्लंडच्या देशी खेळांची संघटना तेव्हा अवघी तीन वर्षांची होती. काळा आणि पिवळसर केशरी हे क्लबचे रंग असून अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद त्याने सहा वेळा पटकावले आहे. या यादीत कॉर्क शहरातील निमो रेंजर्सचा क्लब सात विजेतेपदांसह पहिला आहे. मात्र जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या गावाने त्याच्या पाठोपाठचे स्थान मिळवावे, ही गोष्ट अधिक लक्षणीय म्हणावी लागेल.

गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात आणि चेंडू हाताने व पायाने, दोन्ही प्रकारे खेळता येतो. गोलचे खांब इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखे उभे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेल्यास गोल होतो व त्याचे तीन गुण मिळतात, तर दांडीवरून खांबांच्या मधून गेल्यास एक गुण मिळतो (२०२५ पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्याला दोन गुण मिळतात). म्हणून धावफलकावर २-१३ असे लिहिले असेल, तर दोन गोल आणि तेरा गुण, म्हणजे एकूण एकोणीस गुण, असा त्याचा अर्थ होतो. खेळ हौशी आहे. खेळाडूंना मानधन मिळत नाही, आणि सर्वसाधारणपणे प्रत्येकाने आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतील क्लबकडूनच खेळावे असा दंडक आहे. पैसे मोजून बाहेरचा चांगला खेळाडू आणण्याची सोय नसल्याने क्लबचे भवितव्य गावात कोणती मुले जन्माला येतात आणि ती कशी घडवली जातात, यावरच ठरते. कर्नन, मॅकेन्टी, मॅककॉनव्हिल अशी मोजकी आडनावे क्रॉसमग्लेनच्या संघात पुन्हा पुन्हा दिसतात, त्याचे कारण हेच.

क्लबच्या मैदानाला सेंट ऑलिव्हर प्लंकेट यांचे नाव आहे. आर्माच्या या आर्चबिशपना १६८१ मध्ये लंडनमध्ये देहान्त शिक्षा झाली होती. १९७० च्या दशकात, उत्तर आयर्लंडमधील संघर्ष पेटल्यावर, ब्रिटिश लष्कराने मैदानाला खेटून आपला तळ उभारला आणि त्यासाठी क्लबच्या जमिनीचा काही भाग ताब्यात घेतला. सीमेवरचे रस्ते सुरुंगांमुळे धोक्याचे झाल्याने तळावरील माणसांची व सामानाची ने-आण हेलिकॉप्टरने होई, आणि सामना चालू असतानाही ती मैदानावरून घरघरत जात. तळात पडलेला चेंडू परत मिळवणे ही साधी बाब उरली नव्हती. जमिनीचा वाद पुढे अनेक वर्षे चिघळत राहिला. दुसऱ्या बाजूला, ब्रिटिश लष्कराच्या आणि उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलाच्या लोकांना सदस्यत्व नाकारणारा एकविसावा नियम खुद्द गेलिक संघटनेतच होता. तो नोव्हेंबर २००१ मध्ये रद्द झाला, तेव्हा उत्तरेकडील सहा काउंट्यांपैकी एकट्या डाउनने बदलाच्या बाजूने मत दिले. आर्मा विरोधात होती. लष्कराची उत्तर आयर्लंडमधील मोहीम २००७ च्या जुलैअखेर अधिकृतपणे संपली.

काउंटीच्या पातळीवर क्लबचा दबदबा जुनाच आहे, पण १९८६ च्या विजेतेपदानंतर दहा वर्षे आर्मा अजिंक्यपद त्याच्या हाती लागले नव्हते. १९९६ मध्ये ते परत मिळाले आणि २००८ पर्यंत सलग तेरा वर्षे क्रॉसमग्लेनमध्येच राहिले. आर्मा शहराच्या पिअर्स ओग क्लबने २००९ मध्ये ही मालिका खंडित केली.

राष्ट्रीय यशाची सुरुवातही याच संघाने केली. प्रशिक्षक होते जो कर्नन. १९७७ च्या, काउंटी संघांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आर्मा हरली असली, तरी त्यात दोन गोल करणारा त्यांचा खेळाडू म्हणून त्यांचे नाव आधीच सर्वतोमुखी होते. क्लब स्पर्धेचा अंतिम सामना त्या काळी १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, डब्लिनच्या क्रोक पार्कवर होत असे. १९९७ मध्ये क्रॉसमग्लेनने तेथे मेयो काउंटीच्या नॉकमोरला २-१३ विरुद्ध ०-११ असे हरवले. १९९९ मध्ये बॅलिना स्टीफनाइट्सवरचा विजय एकाच गुणाचा, ०-९ विरुद्ध ०-८ असा होता. पुढच्या वर्षी डब्लिनच्या ना फिआनाला १-१४ विरुद्ध ०-१२ असे नमवून संघाने चार वर्षांतील तिसरे विजेतेपद मिळवले. त्यानंतर २००७ मध्ये केरीच्या डॉक्टर क्रोक्सविरुद्ध आणि २०१२ मध्ये वेस्टमीथच्या गॅरीकॅसलविरुद्ध बरोबरी होऊन फेरसामन्यात विजय मिळाला. मधल्या २०११ च्या अंतिम सामन्यात रॉसकॉमनचा सेंट ब्रिजिड्स पराभूत झाला. २००९ मध्ये मात्र डब्लिनच्या किलमकड क्रोक्सकडून हार पत्करावी लागली. अल्स्टर प्रांताचे अजिंक्यपद १९९६ ते २०१५ या काळात अकरा वेळा क्लबकडे आले.

या यशाचे श्रेय लष्कराच्या छायेतून आलेल्या जिद्दीला देण्याची प्रथा आहे. ते पूर्ण खोटे नसले तरी तारखा त्याला पुरतेपणी दुजोरा देत नाहीत. तळ सर्वांत जाचक होता त्या काळात क्लबला अल्स्टरबाहेर काहीच मिळाले नाही, आणि पहिले राष्ट्रीय विजेतेपद शांतता प्रक्रिया रडतखडत सुरू झाल्यानंतर आले. अर्थात त्याच्या जेमतेम महिनाभर आधी दक्षिण आर्मामधील बेसब्रूक येथे एका ब्रिटिश सैनिकाला गोळी घालून ठार करण्यात आले होते, त्यामुळे ‘शांततेचे फळ’ हे दुसरे सोपे स्पष्टीकरणही टिकत नाही. एकाच वयाची असामान्य मुले एकदम हाताशी येणे आणि कर्नन यांच्यासारखा गावचाच माणूस त्यांना लाभणे, ही कारणे अधिक पटण्याजोगी आहेत.

या पिढीचा फायदा काउंटीलाही झाला. कर्नन पुढे आर्माचे प्रशिक्षक झाले आणि २००२ मध्ये केरीला १-१२ विरुद्ध ०-१४ असे हरवून आर्माने आपले पहिले अखिल आयर्लंड अजिंक्यपद मिळवले. त्या सामन्यात क्रॉसमग्लेनच्या ओशिन मॅककॉनव्हिल यांनी मध्यंतरापूर्वी पेनल्टी दवडली आणि उत्तरार्धात निर्णायक गोल केला. बचावफळीत फ्रॅन्सी बेल्यू होते, तर जॉन आणि टोनी मॅकेन्टी हे जुळे भाऊही त्या संघात होते. यांपैकी टोनी यांनी गॅरेथ ओनील यांच्या जोडीने २०११ व २०१२ च्या क्लब विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षकपद सांभाळले. त्या संघांत जो कर्नन यांचे पुत्र एरन खेळत होते. २०२४ मध्ये आर्माने गॉलवेला १-११ विरुद्ध ०-१३ असे हरवून दुसऱ्यांदा अजिंक्यपद जिंकले, तेव्हाही क्रॉसमग्लेनचे रिअन ओनील संघात होते.