डोक्यातनं रक्त बाहेर आलं म्हणजे धोका टळला?

"डोक्याला मार लागून रक्त बाहेर आलं तर बरं, मग आत साठत नाही." घरातल्या आजीपासून कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीतल्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातल्या, मुकादमापर्यंत सगळे हेच सांगतात, आणि ऐकायला पटतंय पण.

पण जखमेतनं येणारं रक्त असतंय कवटीवरच्या कातडीचं, तिथं रक्तवाहिन्या इतक्या की बारक्या खोकेनंही शर्ट भिजतोय. कवटीच्या आतला रक्तस्राव वेगळाच, त्याला बाहेर पडायला वाट नाही, तो मेंदूवर दाब देतो. म्हणजे बाहेर धार लागून आत काहीच नसेल, किंवा वर नुसतं टेंगूळ आणि आत रक्ताची गाठ. समजा शिफ्टला डोक्यावर कास्टिंग, म्हणजे ओतलेला धातूचा जड भाग, पडलं, गडी उठला, चहा प्याला, गप्पा मारल्या, आणि दोन-तीन तासांनी गुंगीत गेला, असंही होतं.

तपासायचं कसं? उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बरळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी, हातापायात कमजोरी, फिट, नाका-कानातनं पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तर थेट सीटी स्कॅनची सोय असलेला दवाखाना गाठा, आत रक्त आहे का ते स्कॅनमध्येच दिसतं. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटच बघू नका.

आणि हो, असा दणका बसताना डोक्यावर हेल्मेट असेल तर ते परत खुंटीला अडकवू नका, तडा दिसत नसला तरी ते बाद.